आरोग्य विमा सुधारणा व लोकमत

आजारपणाच्या खर्चाची जोखीम एकेका व्यक्तीवर वा कुटुंबावर न ठेवता ती सर्व समाजाने वाटून घ्यावी, या हेतूने शासन जी व्यवस्था कायद्याने किंवा योजनेद्वारे उभारते, तिला सामान्यतः राष्ट्रीय आरोग्य विमा असे म्हणतात. अशी व्यवस्था नव्याने आणताना किंवा असलेली बदलताना काही प्रश्न अटळपणे उपस्थित होतात. वर्गणी कोणी भरावी, लाभ कोणास मिळावा, कोणते उपचार अंतर्भूत असावेत, ते शासकीय रुग्णालयांतून द्यावेत की खाजगी, आणि हिशेब कोणी तपासावा, हे त्यांतील प्रमुख होत. या प्रश्नांसंबंधी जनतेत जी मते आढळतात, ती कशी बनतात व धोरणावर त्यांचा कितपत परिणाम होतो, याचे विवेचन प्रस्तुत नोंदीत केले आहे. महाराष्ट्रातील स्थितीच्या स्पष्टीकरणासाठी मुख्यत्वे अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्याचा अनुभव विचारात घेतला आहे.

लोकमताचे स्वरूप : आरोग्य विम्याविषयीच्या लोकमताची काही वैशिष्ट्ये निरनिराळ्या देशांत सारखीच दिसतात. पहिले असे, की तत्त्वाला मिळणारा पाठिंबा तपशिलाला मिळतोच असे नाही. ‘कोणीही पैशाअभावी उपचारांवाचून राहू नये’ या विधानास बहुतेक लोक संमती देतात. परंतु त्यासाठी कर किती वाढेल, आपला नेहमीचा डॉक्टर बदलावा लागेल काय, असे विचारले की मते विभागतात. दुसरे असे, की निरोगी माणसाला विम्याची गरज दूरची वाटते आणि आजारी माणसाला ती आजची असते; त्यामुळे एकाच व्यक्तीचे मत घरातील एका आजारपणाने पालटू शकते. तिसरे असे, की रुग्ण विखुरलेले असतात, तर डॉक्टर, रुग्णालये व विमा कंपन्या संघटित असतात. साहजिकच चर्चेत संघटितांचा आवाज मोठा ठरतो. चौथे असे, की एकदा मिळालेला लाभ काढून घेण्यास लोकांचा विरोध, तो मिळविण्यासाठी दाखविलेल्या उत्साहापेक्षा अधिक तीव्र असतो.

परदेशांतील अनुभव : सक्तीच्या आजारविम्याचा पहिला राष्ट्रव्यापी कायदा जर्मनीत बिस्मार्कच्या कारकिर्दीत १८८३ साली झाला. ब्रिटनमध्ये बेव्हरिज अहवालाचे (१९४२) जनतेने उत्साहाने स्वागत केले. करांतून चालविली जाणारी राष्ट्रीय आरोग्य सेवा तेथे ५ जुलै १९४८ रोजी सुरू झाली. त्याच वर्षाच्या आरंभी डॉक्टरांच्या संघटनेने घेतलेल्या मतदानात बहुसंख्य सभासद योजनेच्या विरोधी होते. पुढे तीच सेवा ब्रिटिश जनतेच्या अभिमानाचा विषय बनली. कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतात १ जुलै १९६२ रोजी सार्वजनिक वैद्यकीय विमा लागू होताच डॉक्टरांनी २३ दिवस संप केला. योजना मात्र टिकली आणि १९६६ च्या कायद्याने तिचे तत्त्व देशभर स्वीकारले गेले.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत याउलट घडले. अध्यक्ष ट्रूमन यांनी १९४५ मध्ये मांडलेली राष्ट्रीय विम्याची योजना वैद्यक संघटनेच्या खर्चिक प्रचारापुढे टिकली नाही. वृद्धांसाठी मेडिकेअर १९६५ मध्ये आले. सर्वांसाठीची क्लिंटन यांची योजना १९९४ मध्ये बारगळली. २०१० च्या कायद्याविषयी लोकमत अनेक वर्षे दुभंगलेले होते; २०१७ मध्ये तो रद्द होण्याची चिन्हे दिसू लागली, तेव्हा मात्र त्याला अनुकूल मत वाढले. स्वित्झर्लंडमध्ये या प्रश्नावर थेट सार्वमत घेतले जाते. तेथील मतदारांनी १९०० मध्ये विमा कायदा फेटाळला, १९१२ मध्ये सुधारित कायदा स्वीकारला, १९९४ मध्ये विमा सर्वांना सक्तीचा करण्यास थोड्या मताधिक्याने मान्यता दिली आणि २०१४ मध्ये सर्व विमा कंपन्यांच्या जागी एकच सार्वजनिक संस्था नेमण्याचा प्रस्ताव सु. ६२ टक्के मतांनी नाकारला. लोकमत एका दिशेने सरळ वाटचाल करीत नाही, हे या क्रमावरून दिसते.

भारतातील पार्श्वभूमी : भारतात या विषयाचा पद्धतशीर विचार दुसऱ्या महायुद्धाच्या काळात झाला. बी. पी. आडारकर यांनी औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याविषयी १९४४ मध्ये अहवाल दिला आणि त्यातून कर्मचारी राज्य विमा अधिनियम (१९४८) साकार झाला. सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने (अहवाल १९४६) मात्र सर्व जनतेसाठी करांतून चालणाऱ्या शासकीय आरोग्यसेवेचा पुरस्कार केला. पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणीही पुरेशा वैद्यकीय सेवेपासून वंचित राहू नये, हे तिचे आधारभूत सूत्र होते. वर्गणीवर आधारलेला विमा बहुसंख्य ग्रामीण जनतेला परवडणार नाही, अशी त्यामागील भूमिका होती. या दोन अहवालांतून दोन वाटा निघाल्या : संघटित कामगारांसाठी विमा आणि इतरांसाठी शासकीय दवाखाना. पुढील काळातील बहुतेक वादविवाद या दोन वाटांमधील निवडीभोवतीच फिरत राहिला.

केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी १९५४ मध्ये स्वतंत्र योजना आली. १९८६ मध्ये सार्वजनिक क्षेत्रातील विमा कंपन्यांनी ‘मेडिक्लेम’ ही वैयक्तिक पॉलिसी बाजारात आणली. ती मुख्यतः शहरी मध्यमवर्गाने स्वीकारली. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांसाठी २००८ मध्ये राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना सुरू झाली. तीत पाच जणांच्या कुटुंबास वर्षाला ३०,००० रुपयांपर्यंत संरक्षण होते. नियोजन आयोगाने नेमलेल्या तज्ञगटाने (अहवाल २०११) विम्याऐवजी करांतून होणाऱ्या सार्वजनिक खर्चावर भर देण्याची शिफारस केली. प्रत्यक्षात धोरण विम्याच्या दिशेनेच पुढे गेले व २३ सप्टेंबर २०१८ रोजी प्रधानमंत्री जन आरोग्य योजना सुरू झाली. तीत पात्र कुटुंबास वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण आहे. ७० वर्षे व त्यांवरील सर्व नागरिकांना, त्यांचे उत्पन्न कितीही असो, २०२४ मध्ये तीत समाविष्ट करण्यात आले.

विम्याविषयीचे मत थेट अजमावणाऱ्या पाहण्या भारतात थोड्या आहेत; लोकांचा कल बहुधा त्यांच्या वर्तनावरून व खर्चावरून ताडावा लागतो. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५ व्या फेरीनुसार (२०१७-१८) ग्रामीण लोकसंख्येपैकी सु. १४ टक्के आणि नागरी लोकसंख्येपैकी सु. १९ टक्के लोकांनाच कोणत्याही प्रकारचे आरोग्य विमा संरक्षण होते. प्रसूती वगळता रुग्णालयात दाखल होण्याचा सरासरी खर्च शासकीय रुग्णालयात ४,४५२ रुपये, तर खाजगी रुग्णालयात ३१,८४५ रुपये होता. एवढी तफावत असूनही दाखल होणाऱ्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक खाजगी रुग्णालयांत जातात. शासकीय दवाखान्याविषयी लोकांनी दिलेला हा एक प्रकारचा कौलच होय. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत शासकीय सेवा न वापरण्याची कारणे विचारली जातात. उपचारांचा दर्जा, जवळपास केंद्र नसणे व ताटकळत राहावे लागणे ही त्यांतील ठळक कारणे आहेत. किमान एका सदस्यास विमा असलेल्या कुटुंबांचे देशातील प्रमाण याच पाहणीनुसार २०१५-१६ मधील सु. २९ टक्क्यांवरून २०१९–२१ मध्ये ४१ टक्क्यांवर गेले.

महाराष्ट्रातील योजना : राज्यात १९९७ मध्ये गंभीर आजारांसाठी जीवनदायी योजना सुरू झाली. तिचे रूपांतर होऊन २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना प्रथम आठ जिल्ह्यांत आणि २१ नोव्हेंबर २०१३ पासून अहमदनगरसह उर्वरित जिल्ह्यांत लागू झाली. पिवळी व केशरी शिधापत्रिका असलेल्या कुटुंबांस वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंत, तर मूत्रपिंड प्रतिरोपणासाठी अडीच लाखांपर्यंत संरक्षण तीत होते. अंगीकृत रुग्णालयात रुग्णास साहाय्य करण्यासाठी ‘आरोग्यमित्र’ नेमण्यात आले. १ एप्रिल २०१७ पासून योजनेस महात्मा जोतिबा फुले यांचे नाव देण्यात आले आणि १ एप्रिल २०२० पासून ती केंद्रीय योजनेशी जोडण्यात आली. करोनाच्या साथीत, मे २०२० मध्ये, शिधापत्रिकेचा रंग न पाहता राज्यातील सर्व रहिवाशांना तात्पुरता लाभ देण्याचा निर्णय झाला. पुढे २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने सर्व कुटुंबांना ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण व १,३५६ उपचार मान्य करण्यात आले. त्याची अंमलबजावणी १ जुलै २०२४ पासून झाली. साथीच्या काळात जे अपवाद म्हणून स्वीकारले गेले, ते चार वर्षांनी नियम बनले.

अहमदनगर जिल्हा : क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठ्या असलेल्या या जिल्ह्यात चौदा तालुके आहेत. उत्तरेकडील राहाता, कोपरगाव, श्रीरामपूर, संगमनेर हे तालुके गोदावरी व प्रवरा यांच्या पाण्यामुळे बागायती झाले, तर दक्षिणेकडील जामखेड, कर्जत, पाथर्डी हे तालुके अवर्षणप्रवण राहिले. पश्चिमेकडील अकोले तालुक्याचा मोठा भाग आदिवासी आहे. आरोग्य विम्याविषयीची मते या भौगोलिक व आर्थिक भेदांनुसार बदलतात. प्रवरानगरला १९५० मध्ये गाळप सुरू केलेल्या सहकारी साखर कारखान्यापासून उत्तरेत सहकाराची परंपरा रुजली आणि तिच्याच आधारे लोणी येथे प्रवरा मेडिकल ट्रस्टचे रुग्णालय व वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले. ज्या भागात मोठे रुग्णालय हाकेच्या अंतरावर आहे, तेथे विमापत्राला लगेच अर्थ प्राप्त होतो. जेथे अंगीकृत रुग्णालय गाठण्यासाठी दिवसाची मजुरी बुडवून लांबचा प्रवास करावा लागतो, तेथे तेच पत्र पेटीत पडून राहते. ‘कार्ड आहे, पण दवाखाना कुठे आहे?’ हा दक्षिणेकडील व डोंगराळ भागातील आक्षेप योजनेच्या विरोधातील नसून तिच्या अपुरेपणाविषयीचा आहे.

वगळल्या गेलेल्यांचे मत या जिल्ह्यात विशेष लक्षणीय ठरते. कर्मचारी राज्य विमा अधिनियम (१९४८) हंगामी कारखान्यांना लागू नव्हता आणि हंगामी कारखान्यांच्या व्याख्येत साखरेचे उत्पादन स्पष्टपणे नमूद होते. त्यामुळे ज्या उद्योगाने जिल्ह्याची ओळख घडविली, तोच कामगार विम्याच्या कक्षेबाहेर राहिला. ऊसतोडणी कामगार तर कारखान्याचे कामगारच गणले जात नाहीत. मुकादमामार्फत उचल घेऊन ते हंगामात सहा महिने गावाबाहेर असतात. शिधापत्रिका गावी, मुक्काम फडावर आणि अंगीकृत रुग्णालय तिसऱ्याच ठिकाणी, अशी त्यांची स्थिती असते.

दुसरे उदाहरण सीमेवरील गावांचे आहे. २०१२ च्या योजनेत पुढे शुभ्र शिधापत्रिकाधारक शेतकऱ्यांचाही समावेश झाला. पण तो औरंगाबाद व अमरावती हे दोन महसूल विभाग आणि वर्धा जिल्हा अशा चौदा शेतकरी आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांपुरता होता. अहमदनगर जिल्हा नासिक विभागात येतो. परिणामी बीड जिल्ह्यातील आष्टी वा पाटोदा तालुक्यातील शुभ्रपत्रिकाधारक शेतकऱ्यास लाभ मिळे, तर शिवेपलीकडे जामखेड वा पाथर्डी तालुक्यात तशीच कोरडवाहू जमीन कसणारा शेतकरी त्यास मुकत असे. पाऊस दोघांचाही सारखाच चुकला, तरी जिल्ह्याचे नाव वेगळे होते. पात्रतेची रेषा कोठेतरी आखावी लागते, हे प्रशासनाचे म्हणणे खरे असले, तरी रेषेच्या दोन्ही बाजूंस सारखी माणसे राहत असली की योजनेच्या न्याय्यतेवरील विश्वास ढळतो. २०२४ नंतर सर्वांना लाभ खुला झाल्याने ही विशिष्ट तक्रार संपली.

जामखेडचा प्रयोग : विम्याच्या चर्चेत बहुधा न मांडला जाणारा एक प्रश्न याच जिल्ह्यात पूर्वी विचारला गेला होता. डॉ. रजनीकांत आरोळे (१९३४–२०११) व डॉ. मेबल आरोळे (१९३५–९९) या दांपत्याने १९७० मध्ये जामखेड येथे सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावकऱ्यांच्या गरजांची विचारपूस केली असता आरोग्य हा विषय त्यांच्या यादीत वरच्या क्रमांकावर नव्हता. पाणी, अन्न व रोजगार यांची मागणी आधी होती. १९७०-७१ पासून १९७३ पर्यंत दुष्काळ पडला असल्याने ते स्वाभाविकच होते. लोकांचे हे मत अज्ञानमूलक ठरवून बाजूस न सारता प्रकल्पाने ते प्रमाण मानले. शेतकरी मंडळे व महिला मंडळे स्थापन झाली, विंधनविहिरी घेण्यात आल्या, बालकांच्या पूरक आहाराची सोय झाली आणि त्यांच्या ओघाने लसीकरण, प्रसूतिपूर्व तपासणी, क्षयरोग व कुष्ठरोग यांवरील उपचार गावात पोहोचले. प्रशिक्षित परिचारिका खेड्यात मुक्कामी राहण्यास तयार होईनात, तेव्हा गावानेच निवडलेल्या, बहुतांशी निरक्षर व पुष्कळदा दलित समाजातील स्त्रियांना ग्राम आरोग्यसेविका म्हणून तयार करण्यात आले. प्रकल्पाच्या नोंदींनुसार १९७१ मध्ये बालमृत्युमान दरहजारी १७६ होते. पुढील दोन दशकांत ते अनेक पटींनी घटले. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९७५ च्या ग्रंथात या प्रयोगाचा समावेश झाला, आल्मा-आता येथील प्राथमिक आरोग्यसेवेच्या जाहीरनाम्यापूर्वी (१९७८) जगाचे लक्ष त्याच्याकडे वेधले गेले आणि १९७९ मध्ये आरोळे दांपत्यास रॅमन मॅगसायसाय पुरस्कार मिळाला.

जामखेडच्या अनुभवातून निघणारा निष्कर्ष असा : लोकमत ही केवळ मोजण्याची वस्तू नव्हे, ते अनुभवाने घडत जाते. कुष्ठरोग्यास गावाबाहेर ठेवणारे आणि अर्भकाचा मृत्यू दैवाधीन मानणारे गाव काही वर्षांत वेगळ्या मताचे झाले. कारण शेजारच्याच बाईने जीव वाचविताना त्याने पाहिले. शिवाय तेथे जे मृत्यू टळले, त्यांतील बहुतेकांसाठी शस्त्रक्रियेची नव्हे, तर पाणी, लस, क्षारजल व वेळेवर मिळालेला सल्ला यांची गरज होती. रुग्णालयात दाखल झाल्यावरच लागू होणारा विमा अशा मृत्यूंपर्यंत पोहोचत नाही.

सेवाग्रामचा ज्वारी विमा : लोकसंमतीवर आधारलेल्या विम्याचे उदाहरण वर्धा जिल्ह्यात आढळते. सेवाग्राम येथील महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेच्या कस्तुरबा रुग्णालयाने १९८० च्या दशकाच्या प्रारंभी डॉ. उल्हास जाजू यांच्या पुढाकाराने आसपासच्या खेड्यांत ही योजना राबविली. सुगीच्या वेळी प्रत्येक कुटुंबाने ऐपतीप्रमाणे ज्वारीच्या रूपाने वर्गणी द्यावी, मोठ्या शेतकऱ्याने अधिक व भूमिहीनाने कमी, आणि गावातील बहुसंख्य कुटुंबे सामील झाली तरच योजना लागू व्हावी, असे तिचे स्वरूप होते. यामुळे केवळ आजारी माणसांनीच विमा घेण्याचा धोका टळला व निर्णय गावसभेत उघडपणे होऊ लागला. रोख रक्कम हाती नसलेला माणूसही धान्याच्या रूपाने वर्गणी देऊ शकतो आणि वर्गणी दिली की तो सेवा हक्काने मागतो, हे या योजनेने दाखविले. तिच्या मर्यादाही स्पष्ट आहेत : एका निष्ठावंत रुग्णालयाच्या आधाराशिवाय अशी योजना चालणे अवघड असते.

वादाचे मुद्दे : विमा योजनांच्या बाजूने असे म्हटले जाते, की हृदयशस्त्रक्रिया, कर्करोगोपचार, अपोहन यांसारखे खर्चिक उपचार गरिबांच्या आवाक्यात प्रथमच आले, त्यासाठी जमीन गहाण टाकण्याची वेळ टळली आणि रुग्णास रुग्णालय निवडण्याची मोकळीक मिळाली. देशातील एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातून होणाऱ्या खर्चाचे प्रमाण शासकीय आकडेवारीनुसार २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होते, ते २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आले. या घटीचे गणित कितपत भरवशाचे आहे, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत.

विरोधी बाजूचे आक्षेप तीन प्रकारचे आहेत. पहिला, या योजनांत बाह्यरुग्ण उपचार व रोजची औषधे बहुतांशी येत नाहीत. मधुमेह वा रक्तदाबाच्या रुग्णाचा खिसा दरमहा रिकामा होतच राहतो. दुसरा, उपचारानुसार पैसे मिळत असल्याने अनावश्यक शस्त्रक्रियांना उत्तेजन मिळते. छत्तीसगढ, बिहार व राजस्थानमधील अनावश्यक गर्भाशय-उच्छेदनांचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले व २०२३ मध्ये त्यावर निकाल झाला. त्यातील काही शस्त्रक्रिया विमा योजनेखालील होत्या. बीड जिल्ह्यातील ऊसतोडणी करणाऱ्या स्त्रियांच्या अशाच शस्त्रक्रियांची चौकशी राज्य शासनाने २०१९ मध्ये केली. तिसरा आक्षेप असा, की विम्याकडे निधी वळल्याने प्राथमिक आरोग्य केंद्रे व जिल्हा रुग्णालये दुर्लक्षिली जातात. नगर येथील जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता कक्षास ६ नोव्हेंबर २०२१ रोजी लागलेल्या आगीत करोनाचे अकरा रुग्ण मृत्युमुखी पडले. शासकीय रुग्णालयांच्या इमारती, विद्युत् यंत्रणा व सुरक्षितता यांवर होणाऱ्या खर्चाचा प्रश्न त्या वेळी राज्यभर चर्चिला गेला. जन आरोग्य अभियानासारख्या संघटना सार्वजनिक सेवा बळकट करून त्यांना नियंत्रित खाजगी सेवेची जोड देण्याचा पर्याय मांडतात. खाजगी डॉक्टरांचा आक्षेप वेगळा आहे : योजनेचे दर अपुरे असतात व देयके उशिरा मिळतात, अशी त्यांची तक्रार आहे. राजस्थानात मार्च २०२३ मध्ये आरोग्य हक्काचा कायदा संमत होताच खाजगी डॉक्टरांनी काम बंद ठेवले व तडजोडीनंतरच ते मागे घेतले.

समालोचन : भारतात या विषयावर सार्वमत घेतले जात नाही, लोकमत निवडणुका, ग्रामसभा, जनसुनवाई, न्यायालयीन याचिका व वृत्तपत्रे यांमधून तुकड्यातुकड्यांनी व्यक्त होते. घोषित संरक्षणाची रक्कम दीड लाखांवरून पाच लाखांवर जाणे हे निवडणुकीच्या सभेत सांगण्यास सोपे असते. उपकेंद्रातील परिचारिकेची रिक्त जागा भरली गेली, हे सांगण्यास तितके आकर्षक नसते. त्यामुळे जे सहज दिसते त्याला पाठिंबा लवकर मिळतो व जे मृत्यू टाळते पण दिसत नाही त्याला उशिरा. अहमदनगर जिल्ह्याच्या अनुभवाचे मोल येथे आहे. उत्तरेतील सहकारी रुग्णालयाने मोठ्या उपचारांची गरज सिद्ध केली, दक्षिणेतील जामखेडने ती गरज उद्भवण्यापूर्वी करावयाचे काम दाखविले आणि हंगामी कामगार व सीमेवरील शेतकरी यांनी पात्रतेच्या नियमांतील उणिवा उघड केल्या. सुधारणेच्या कोणत्याही योजनेला या तिन्ही अनुभवांना एकत्र उत्तर द्यावे लागते. लोकांना विमा हवा काय, असा प्रश्न विचारला तर उत्तर बहुधा होकारार्थीच येईल. परंतु गावातील दवाखाना, औषधे, पिण्याचे पाणी व विमा यांपैकी आधी काय हवे, हा प्रश्न जामखेडला १९७० मध्ये विचारला गेला, तसा अन्यत्र क्वचितच विचारला गेला आहे.